गोळ्या साठ डॉलरच्या, मग पैसा जातो कुठे? हेपॅटायटिस निर्मूलनाच्या निधीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'हेपॅटायटिस सी आता साठ डॉलरच्या गोळ्यांत बरा होतो म्हणतात. मग २०३० पर्यंत हा रोग हटवायला पैसा पुरत नाही असं सगळे का म्हणतात? हा पैसा येतो कुठून? आणि आमच्या कंपनीकडे सीएसआरचे पन्नास लाख रुपये आहेत, ते जिल्ह्यात कुठे लावले तर वाया जाणार नाहीत?'

साठ डॉलरचा भाव खरा आहे, पण तो फक्त गोळ्यांचा. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, रोज एकेक, बारा आठवडे. म्हणजे दोन्हीच्या ८४-८४ गोळ्या. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर आलं तेव्हा एकट्या त्याच्याच कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती, गोळीला हजार डॉलर. २०१४ मध्ये सोफोसबुव्हिर बनवणाऱ्या गिलियडने भारतातल्या जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले (मुंबईची सिप्ला त्यातलीच), आणि भाव कोसळला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालासाठी ज्या २४ देशांनी आपले खरेदीभाव कळवले, त्यांतले फक्त ४ देश साठ डॉलरला किंवा त्याहून कमी भावात घेत होते. बाकीचे देश कुणी नोंदणी रखडली म्हणून, कुणी मधला वितरक बदलत नाही म्हणून, तर कुणी मागणी थोडी-थोडी काढतात म्हणून जास्त मोजत होते. खरेदीतली ही गळती बुजवता येते, कारण ती कागदावर दिसते. मोठा खर्च दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे हे इजिप्तच्या आकड्यांत सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिथे शिस्टोसोमियासिस या परजीवी रोगाविरुद्ध कित्येक वर्षं इंजेक्शनच्या मोहिमा चालल्या, सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपॅटायटिस सी घरोघरी पोचला. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत तिथल्या सरकारने जवळपास पाच कोटी प्रौढांची तपासणी केली. पैसा सरकारी तिजोरीचा, जोडीला जागतिक बँकेचं ५३ कोटी डॉलरचं आरोग्य-कर्ज. हेपॅटायटिस सी हा त्या कर्जाचा एक भाग होता. एकूण मोहिमेला सुमारे २० कोटी ७१ लाख डॉलर लागले. भाव असे पडले: रॅपिड किट ५८ सेंट, पीसीआर (रक्तात विषाणू आहे का ते पाहणारी तपासणी) ४ डॉलर ८० सेंट, गोळ्यांचा पूर्ण कोर्स ४५ डॉलर. आणि शरीरात विषाणू असलेला एक रुग्ण शोधायला आलेला खर्च ८५ डॉलर. रुग्ण शोधून बरा करण्यापर्यंतचा एकूण खर्च १३० डॉलर.

म्हणजे औषध ४५, शोध ८५. आणि हे अशा देशात, जिथे तपासलेल्यांपैकी साधारण साडेचार टक्के लोक पॉझिटिव्ह निघत होते.

आता हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहा. रॅपिड किट अँटिबॉडी (कधीतरी संसर्ग झाल्याची खूण) दाखवतं, विषाणू दाखवत नाही. दर चार पॉझिटिव्हमागे साधारण एकाच्या शरीराने विषाणू आपोआप हटवलेला असतो. इजिप्तमध्ये पीसीआर केलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांत विषाणू सापडला. म्हणजे तपासलेल्या दर शंभरांत साडेतीन खरे रुग्ण, आणि ८५ डॉलरला एक रुग्ण या दराने माणशी तपासणीचा खर्च तीन डॉलरच्या आसपास येतो. त्यात किट, माणसं, वाहतूक, नोंदी, पीसीआर सगळं आलं. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतल्या रक्तनमुन्यांवरून सी चं अँटिबॉडी-प्रमाण ०.३२ टक्के निघालं. खरे रुग्ण त्याचे तीन-चतुर्थांश धरा, म्हणजे दर हजारी अडीच. तीन डॉलरच्या दराने हजार माणसं तपासायला तीन हजार डॉलर लागतील आणि हाती येतील अडीच रुग्ण. एका रुग्णामागे बाराशे डॉलर! औषधाची किंमत या आकड्यापुढे किरकोळ वाटू लागते.

हिशेब ढोबळ आहे. आपल्याकडे मजुरी वेगळी, अंतरं वेगळी. पण दिशा चुकत नाही: रोगाचं प्रमाण जितकं कमी, तितका एकेक रुग्ण शोधणं महाग. आणि कार्यक्रम यशस्वी होत गेला की प्रमाण आणखी घटतं, म्हणजे शेवटचे रुग्ण सगळ्यात महाग पडतात. निधी देणाऱ्यांचा कल नेमका उलटा असतो. पहिल्या वर्षी उत्साह, तिसऱ्या वर्षी 'आता रुग्णच निघत नाहीत, खर्च कशाला' असा शेरा. निर्मूलनाचे कार्यक्रम इथेच ठप्प होतात.

आता पैसा कुठून येतो ते. २०१६ च्या जागतिक आरोग्य सभेत सगळ्या देशांनी २०३० चं लक्ष्य मान्य केलं: नवे संसर्ग ९० टक्क्यांनी कमी, मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी. लक्ष्याबरोबर तिजोरी मात्र आली नाही. एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२ पासून ग्लोबल फंड आहे. हेपॅटायटिससाठी त्या तोलामोलाचं काहीच नाही. ग्लोबल फंडाच्या पैशातून हेपॅटायटिसवर खर्च करता येतो, पण मुख्यतः तो एचआयव्हीच्या कामाला जोडून: सहसंसर्ग (एचआयव्हीसोबत हेपॅटायटिस) असलेले रुग्ण, सुईने नशा करणारे लोक, गरोदर मातांच्या तपासण्या. युनिटएड या आरोग्यासाठी निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सी च्या तपासण्या आणि औषधं स्वस्त करण्याच्या प्रकल्पांना पैसा दिला, पण त्यांचं काम बाजार तयार करण्याचं. वर्षानुवर्षं गोळ्या पुरवण्याचं नव्हे. जिनिव्हात 'द हेपॅटायटिस फंड' आहे, पण त्याचा आकार बीजभांडवलाइतका. त्यामुळे खरा बोजा देशांच्या स्वतःच्या अंदाजपत्रकावर आणि रुग्णांच्या खिशावर पडतो. २०२४ च्या अहवालानुसार माहिती देणाऱ्या देशांपैकी सुमारे ६० टक्के देशांतच तपासणी आणि उपचार पूर्ण किंवा अंशतः मोफत आहेत.

मागणी किती आहे? जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित अभ्यासकांनी २०१९ मध्ये ६७ गरीब आणि मध्यम देशांसाठी २०१६ ते २०३० या काळाचा आकडा काढला होता: ५८.७ अब्ज डॉलर, त्यातून २०३० पर्यंत ४५ लाख अकाली मृत्यू टळले असते. तो पैसा आला नाही. २०१९ मध्ये हेपॅटायटिसने ११ लाख माणसं गेली होती, २०२२ मध्ये १३ लाख. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी आरोग्य-मदतीला कात्री लावल्यावर तर एचआयव्हीच्या पैशाला लटकून चालणारी हेपॅटायटिसची कामं पहिल्यांदा उघडी पडली. दुसऱ्याच्या निधीच्या आधारावर उभ्या केलेल्या कामाचं असंच होतं.

इथवर सगळं सी बद्दल झालं. हेपॅटायटिस बी चा पैसा वेगळ्या जातीचा आहे, आणि दोघांना एका ओळीत मांडणारे अंदाजपत्रक हमखास फसतं. सी बारा आठवड्यांत बरा होतो, म्हणून तो एकरकमी खर्च. बी बरा होत नाही. विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरची एक गोळी रोज, बहुतेकांना आयुष्यभर. भाव महिन्याला २ डॉलर ४० सेंटपर्यंत खाली आला आहे, पेटंटही संपलंय. वर्षाला २९ डॉलर म्हणजे कुणालाही परवडेल असं वाटतं. पण तीस वर्षांचे साडेआठशेच्या वर होतात, शिवाय दरवर्षी तपासण्या. २०२२ मध्ये जगात बी चे २५ कोटी ४० लाख रुग्ण होते, सी चे ५ कोटी. बी चं निदान झालेले १३ टक्के, उपचारावर असलेले जेमतेम ३ टक्के. देणगीदार तीन-पाच वर्षांचा विचार करतो आणि अशा न संपणाऱ्या दायित्वाला हात लावत नाही. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत चित्र असं आहे की एचआयव्ही आणि बी दोन्ही असलेल्याला एचआयव्हीच्या कार्यक्रमातून टेनोफोव्हिर फुकट मिळतं, आणि फक्त बी असलेला शेजारी तीच गोळी बाजारातून विकत घेतो.

म्हणून बी चा उपचार सुरू करणाऱ्याने आधी हे ठरवायचं: प्रकल्प संपल्यावर गोळी कोण देणार? मध्येच टेनोफोव्हिर बंद झालं की विषाणू उसळतो, लिव्हरला जोरात सूज येऊ शकते, सिऱ्हॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. सरकारी पुरवठ्यात नाव लागल्याशिवाय एकाही रुग्णाला प्रकल्पाच्या पैशातून बी ची गोळी चालू करू नये. या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

बी वर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जन्मानंतर २४ तासांच्या आत लशीचा पहिला डोस. २०२२ मध्ये जगात तो ४५ टक्के बाळांना मिळत होता, आफ्रिका विभागात १८ टक्क्यांना. गरीब देशांना लशी मिळवून देणाऱ्या गावी या आंतरराष्ट्रीय संस्थेने या डोसला मदत करण्याचं २०१८ मध्येच ठरवलं होतं. कोविडमुळे ते अडलं आणि देशांचे अर्ज घ्यायला २०२४ उजाडलं. लस स्वस्त आहे, पैसा लागतो तो प्रसूतिगृहापर्यंत पोचवायला. आपल्याकडे हा डोस सार्वत्रिक लसीकरणात आहे, तरी चुकतो कुठे ते पाहा: लशीची कुपी दहा डोसांची. रविवारी रात्री एकच बाळ जन्मलं तर 'एका बाळासाठी कुपी कशी फोडू' म्हणून सिस्टर सोमवारपर्यंत थांबते, आणि २४ तास उलटतात. वास्तविक उघडलेली बी ची कुपी नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. दुसरी चूक शीतपेटीतली. ही लस उण्या अर्ध्या अंशाला गोठते आणि गोठली की निकामी. आइसपॅक थेट फ्रीझरमधून काढून कुपीला चिकटवून ठेवले की लस गेली, आणि नुसतं बघून ते कळेलच असं नाही. म्हणून आइसपॅक आधी बाहेर ठेवून 'घाम' सुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मग पेटीत भरायचा. लसटोचकांचं असं तासाभराचं प्रशिक्षण फारच स्वस्त पडतं, आणि ते क्वचितच कुणी अंदाजपत्रकात धरतं.

ऑस्ट्रेलियाचा प्रयोगही इथे सांगायला हवा, कारण 'एकरकमी करार करा' असा सल्ला सारखा दिला जातो. २०१६ पासून पाच वर्षांसाठी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मर्यादेत सी ची औषधं, रुग्ण कितीही असोत. अमेरिकेत लुइझियानाने २०१९ मध्ये असाच करार केला. कल्पना चोख आहे: रक्कम बांधलेली, त्यामुळे प्रत्येक जादा रुग्णाचं औषध सरकारला जवळजवळ फुकट. अडचण एवढीच की रुग्ण आले नाहीत तर तीच रक्कम थोड्यांवर वाटली जाते आणि माणशी भाव चढतो. ऑस्ट्रेलियात पहिल्या वर्षी रांग लागली, आधीपासून वाट पाहणारे सगळे येऊन गेले आणि मग आकडा घसरत गेला. रुग्ण शोधणाऱ्या माणसांचे पगार कराराच्या बाहेर राहिले की असा करार औषध कंपनीलाच जास्त मानवतो. जेनेरिक औषध मिळणाऱ्या देशांना याची गरजही नाही.

आता तुमचे पन्नास लाख.

औषधावर एक रुपयाही घालू नका. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात बी आणि सी ची औषधं आणि तपासण्या मोफत आहेत. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र-राज्य ६०:४० या प्रमाणात. तुमच्या जिल्ह्याचं उपचार केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असेल. तिथे जाऊन पहिले प्रश्न हे विचारा: किटचा साठा किती आणि मुदत कधी संपते? पीसीआर इथेच होतं की नमुने बाहेर जातात, आणि निकाल किती दिवसांनी येतो? गेल्या वर्षी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी पीसीआर किती जणांचं झालं? हा तिसरा आकडा सहसा लगेच मिळत नाही. मिळाला नाही, तर तुमचं काम काय आहे ते तिथेच कळलं.

गावोगावची मोफत तपासणी शिबिरं टाळा. फोटो छान येतात, पण वरचा हजारी अडीचचा हिशेब आठवा. त्याऐवजी जिथे प्रमाण जास्त आहे तिथे जा: डायलिसिस केंद्रं, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाचे रुग्ण, सुईने नशा करणारे, तुरुंग, एआरटी (एचआयव्हीच्या औषधांची) केंद्रं, सी ची तपासणी सक्तीची होण्याआधी म्हणजे २००१-०२ च्या आधी रक्त चढवलेले लोक. आणि रक्तपेढ्या. रक्तदात्याचं रक्त बी किंवा सी साठी रिॲक्टिव्ह आलं की पिशवी नष्ट होते; दात्याला बोलावून सांगणं आणि उपचार केंद्राशी जोडून देणं मात्र नीट होतंच असं नाही. हे रुग्ण शोधायला किटसुद्धा लागत नाही. एक समुपदेशक, एक फोन, आणि गुप्तता पाळण्याची शिस्त. माझ्या मते जिल्ह्यात सगळ्यात स्वस्तात सापडणारे रुग्ण हेच.

सगळ्यात जास्त रुग्ण गळतात ते किट आणि पीसीआर यांच्या मधे. 'पॉझिटिव्ह आहे, मंगळवारी सिव्हिलला या' असं सांगितलं की हातावर पोट असलेला माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून येत नाही. उपाय साधा आहे: किटसाठी रक्त घेतानाच ईडीटीए नळीत (हिच्यात रक्त गोठत नाही) दुसरा नमुना घेऊन ठेवायचा. किट निगेटिव्ह, तर नळी टाकून द्यायची. पॉझिटिव्ह, तर त्याच दिवशी प्लाझ्मा वेगळा करून शीतपेटीतून लॅबला. माणसाने पुन्हा यायचं ते थेट औषध न्यायला. यंत्राचीही अडचण नको. जीनएक्स्पर्ट किंवा गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट ही यंत्रं क्षयरोग कार्यक्रमामुळे बऱ्याच जिल्ह्यांत पोचलेली आहेत आणि दोन्हींवर सी चं पीसीआर होतं. फक्त कार्ट्रिज किंवा चिप वेगळी लागते आणि यंत्र दुसऱ्या कार्यक्रमाचं असल्याने परवानगी. ही परवानगी लेखी घ्या, तोंडी 'चालेल हो' वर जाऊ नका. अधिकारी बदलला की यंत्र बंद. नवीन यंत्र विकत घेऊन देण्याचा मोह तर आवराच. ते एखाद्या खोलीत प्लास्टिकखाली झाकून राहतं, कारण देखभालीचा करार आणि तंत्रज्ञ कुणी दिलेला नसतो.

औषध सुरू करण्याआधी लिव्हरची अवस्था पाहायला फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) लागतो हाही समज खर्च वाढवतो. एएसटी (लिव्हरचं एक एन्झाइम) आणि प्लेटलेट या दोन साध्या रक्ततपासण्यांवरून एपीआरआय हा निर्देशांक काढता येतो: एएसटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, शंभराने गुणा, प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागा. उदाहरणार्थ एएसटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १,००,०००, तर उत्तर २. इथून पुढे सिऱ्हॉसिसचा संशय, रुग्ण मोठ्या केंद्रात पाठवायचा. बाकीच्यांचा उपचार जिल्ह्यातच होतो. सी चा उपचार सुरू करण्याआधी बी ची तपासणी मात्र चुकवायची नाही, कारण दोन्ही असतील तर सी दबल्यावर बी उसळू शकतो.

मग पन्नास लाख कसे वाटायचे? मी साधारण अशी वाटणी करीन: निम्म्याच्या जरा खाली, बावीस-तेवीस लाख, माणसांवर. दोन-तीन समुपदेशक आणि त्याच समाजातले सहकारी. सुईने नशा करणाऱ्यांत काम असेल तर त्यातून बाहेर पडलेली व्यक्तीच हवी, बाहेरच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दहा लाख नमुन्यांची वाहतूक आणि रुग्णांचा प्रवासखर्च. सात-आठ लाख सरकारी किट किंवा चिप संपल्यावर मधल्या काळात विकत घ्यायला, कारण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला पुरवठ्यात खंड पडणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. पाच लाख प्रशिक्षण आणि किरकोळ साहित्य. राहिलेले नोंदी, लेखापरीक्षण आणि राखीव. माणसांवर निम्मा खर्च पाहून तुमचा वित्त विभाग हरकत घेईल, 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर जातो' म्हणून. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर चालवण्याच्या कार्यालयीन खर्चाला आहे. प्रकल्पात प्रत्यक्ष काम करणाऱ्या समुपदेशकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. करारात तो त्याच शीर्षकाखाली लिहा. काम एका वर्षात आटपणारं नाही, म्हणून सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प' असा ठराव करा, म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात आणि मार्चअखेर उरलेली रक्कम स्वतंत्र खात्यात टाकून वापरता येते. नाहीतर फेब्रुवारीत घाईघाईने किटची खरेदी होते आणि ती पुढच्या वर्षी मुदतबाह्य म्हणून फेकावी लागते.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. संस्थेला पैसे 'किती तपासले' यावर देऊ नका. तसं केलंत की कमी जोखमीच्या लोकांची संख्या वाढते, कारण ते तपासायला सोपे. पूर्ण बरा झाल्याचा पुरावा म्हणजे उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेलं पीसीआर, पण बरं वाटू लागलेला माणूस त्या तपासणीला येतोच असं नाही. हप्ता फक्त त्याला बांधलात तर संस्था बुडेल. मधला रस्ता असा: एक हप्ता पीसीआर झालेल्या रुग्णांच्या संख्येवर, एक तिसऱ्या महिन्याची बाटली नेलेल्यांवर, आणि छोटा हप्ता शेवटच्या पीसीआरवर. तिन्ही आकडे सरकारी पोर्टलवरच्या नोंदीशी जुळले पाहिजेत, संस्थेच्या स्वतःच्या एक्सेलशी नव्हे.